रोही-डुकरांना गर्भनिरोधक लस: खरंच जमण्यासारखं आहे का?

माळरान
विदर्भ-मराठवाड्यात रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी केलेल्या नुकसानीचा विषय निघाला की दोनच उत्तरं येतात: मारा, नाहीतर कुंपण घाला. अलीकडे तिसरं उत्तर वरचेवर ऐकू येतं, गर्भनिरोधक लस. अमेरिकेत जंगली घोड्यांना आणि दक्षिण आफ्रिकेत हत्तिणींना देतात, एवढं सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. पुढचं कुणी सांगत नाही. लस नेमकं काय करते, किती वेळा द्यावी लागते, टोचणार कोण आणि मुख्य म्हणजे आकडा खाली येतो का? यातलं कळणाऱ्यांनी लिहावं. "मुक्या जिवांवर दया करा" आणि "सरळ गोळ्या घाला" हे दोन्ही प्रतिसाद आल्याचं गृहीत धरलं आहे, पुन्हा नकोत.

खवचट पोपट
दोन्ही काढून टाकलेत, मग धागा शंभरी कशी गाठणार?

इंजेक्शनवाली
लशी दोन आहेत आणि चर्चेत त्यांची कायम सरमिसळ होते, म्हणून आधी तेवढं सांगते.

पहिली पीझेडपी. मादीच्या बीजांडाभोवती प्रथिनांचं एक आवरण असतं, झोना पेल्युसिडा. शुक्राणू आधी त्याला चिकटतो, मग आत शिरतो. कत्तलखान्यातून डुकरिणीचे बीजकोश आणून त्यातल्या बीजांडांचं हे आवरण वेगळं काढतात आणि घोडीला टोचतात. परक्या प्रथिनाविरुद्ध घोडीच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात, ती तिच्या स्वतःच्या बीजांडालाही जाऊन चिकटतात आणि शुक्राणूची जागा अडते. माज नेहमीसारखा येतो, गर्भ राहत नाही. टोचताना ती आधीच गाभण असेल तर त्या गर्भाला धक्का लागत नाही.

दुसरी जीएनआरएच या संप्रेरकावरची. गोनाकॉन हे तिचं प्रसिद्ध नाव, अमेरिकेच्या कृषी खात्याच्या फोर्ट कॉलिन्समधल्या वन्यजीव संशोधन केंद्रात तयार झालेली. मेंदूतून बीजकोशाला "कामाला लाग" सांगणारा हा संप्रेरक जेमतेम दहा अमिनो आम्लांचा असतो. एवढ्या छोट्या आणि घरच्याच रेणूकडे शरीर ढुंकून बघत नाही, म्हणून तो समुद्री शंखातल्या प्राण्याच्या रक्तातल्या भल्यामोठ्या प्रथिनाला जोडून देतात. प्रतिपिंडं तयार झाली की निरोपच पोचत नाही आणि बीजकोश थंड पडतात. वृषणांचंही तसंच, त्यामुळे ही नरालाही लागू पडते. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी २००९ मध्ये आणि जंगली घोडे-गाढवांसाठी २०१३ मध्ये तिची नोंदणी झाली. पीझेडपीची घोड्यांसाठीची नोंदणी २०१२ ची.

माळरान
धन्यवाद ताई. म्हणजे पहिलीत माज चालू, दुसरीत बंद. याने प्रत्यक्षात काय फरक पडतो?

इंजेक्शनवाली
बराच. माज चालू आणि गर्भ नाही, म्हणजे मादी पुन्हा माजावर येते, नर पुन्हा मागे लागतो. हरणांमध्ये त्यामुळे माजाचा हंगामच लांबतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या शॅकलफर्ड बँक्सवरच्या घोड्यांमध्ये असं दिसलं की लस दिलेल्या घोड्या आपला कळप सोडून दुसऱ्या घोड्याच्या कळपात जास्त वेळा जातात. जीएनआरएचमध्ये हा त्रास कमी, पण नर-मादीचं नेहमीचं वागणंही मंदावतं. कुठली लस चांगली हे प्राणी कसा राहतो त्यावर ठरतं.

डॉ_खूर
टोचण्याची बाजू मी लिहितो, कारण बातम्यांत "लस दिली" या दोन शब्दांत ती उरकली जाते.

घोडीसाठी पीझेडपीचा डोस १०० मायक्रोग्रॅम, अर्धा मिली द्रावणात. त्यात अर्धा मिली तेलकट अ‍ॅड्ज्युव्हंट, म्हणजे लशीचा परिणाम वाढवणारं जोडद्रव्य. पहिल्या वेळी फ्रॉइंडचं मॉडिफाइड, बूस्टरला फ्रॉइंडचं इनकम्प्लीट. जुन्या काळचं कम्प्लीट वापरत नाहीत, कारण त्यात क्षयाचे मेलेले जंतू असतात. नंतर जनावराची क्षयाची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येते आणि गळूही मोठं होतं.

पाणी आणि तेल एकजीव करायला काचेच्या दोन सिरिंज एका जोडनळीने तोंडाला तोंड लावून जोडतात आणि मिश्रण या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये शंभरेक वेळा दाबून फिरवतात. प्लास्टिकची सिरिंज इथे त्रास देते, तेलाने तिचा रबरी दट्ट्या फुगून अडकतो. घट्ट, पांढरंशुभ्र झालं पाहिजे. परीक्षा सोपी आहे: एक थेंब थंड पाण्यावर सोडा. गोळा होऊन राहिला तर बरोबर, पसरला तर अजून फिरवा. पातळ राहिलेलं इमल्शन स्नायूत लगेच विरून जातं, प्रतिपिंडं कमी बनतात, आणि वर्षभराने घोडीमागे शिंगरू दिसलं की "लस फेल" म्हणून बोभाटा होतो.

मग एक मिलीचा डार्ट, कार्बन डायऑक्साइडच्या किंवा रिकाम्या काडतुसाच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीतून, पुठ्ठ्याच्या, म्हणजे कुल्ल्याच्या, जाड स्नायूत. चाळीसेक मीटरच्या आत जावं लागतं. पोटाकडे किंवा बरगडीवर लागला तर इजा, कातडीखालीच राहिला तर डोस वाया. डार्ट गळून पडतो, तो शोधून दट्ट्या शेवटपर्यंत गेला का ते बघायचं. गेला नसेल तर त्या घोडीसमोर "दिली" असं लिहायचं नाही. हे शेवटचं वाक्य पाळलं जात नाही तिथे सगळे आकडे कुचकामी.

दोन ते सहा आठवड्यांनी दुसरा डोस, पुढे दरवर्षी एक, आणि तो हंगामाच्या आधी. घोड्यांचा हंगाम वसंतात, म्हणून बूस्टर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल.

खवचट पोपट
म्हणजे आधी घोडीने चाळीस मीटरवर येऊ द्यायचं, महिन्याभराने तीच घोडी पुन्हा ओळखायची आणि तिने पुन्हा येऊ द्यायचं. पहिल्या वेळी फसली, दुसऱ्या वेळी का थांबेल?

डॉ_खूर
पोपटराव, चेष्टेत लिहिलंत पण गोम तीच आहे. डार्ट लागलेलं जनावर शहाणं होतं, दरवर्षी अंतर वाढतं. म्हणून आमिषाच्या जागा, पाणवठे, आणि माणूस-गाडी बदलून जाणं हे सगळं करावं लागतं.

ओळखीचं म्हणाल तर प्रत्येक घोडीची फोटोसह फाइल असते: कपाळावरचा पट्टा, पायांचे पांढरे मोजे, आयाळ कुठल्या बाजूला पडते, जुने व्रण. हत्तीत कानाच्या कडेच्या खाचा आणि भोकं, सुळ्यांचा आकार.

मोजपट्टी
आकडा खाली येतो का, या प्रश्नाला सगळ्यात जुनं उत्तर असाटीग बेटावर आहे. मेरीलँडच्या किनाऱ्यावरचं हे बेट, तिथले घोडे राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात. जे कर्कपॅट्रिक आणि जॉन टर्नर या संशोधकांनी १९८८ मध्ये तिथे पीझेडपीची चाचणी सुरू केली, १९९४ पासून पूर्ण कळपावर वापर सुरू झाला. संख्या १७५ च्या आसपास होती, ध्येय ८० ते १०० चं.

जन्म लगेच घटले, संख्या मात्र वर्षानुवर्षं हलेना. कारण बाळंतपण आणि दूध पाजणं थांबल्यावर घोड्या धडधाकट झाल्या आणि जास्त जगायला लागल्या. लस न दिलेल्या घोड्यांचं मरणाचं सरासरी वय सहा-साडेसहा वर्षं होतं, तीन किंवा जास्त वर्षं लस मिळालेल्यांचं वीसच्या घरात गेलं. शेवटी कळप शंभराच्या खाली आला, पण एका पिढीएवढा काळ गेला.

हिशोब करून बघा. समजा १०० घोडे, वर्षाला २५ शिंगरं, ५ मरतात. वाढ २० टक्के, चार वर्षांत दुप्पट. संख्या नुसती जागेवर ठेवायची तर २५ पैकी २० जन्म थांबले पाहिजेत, म्हणजे ८० टक्के. लस ९० टक्के काम करते असं धरलं तर ८९ टक्के घोड्यांपर्यंत पोचावं लागेल. आता घोड्या जास्त जगू लागल्या आणि मरण ५ वरून ३ वर आलं, तर २२ जन्म थांबवावे लागतात आणि लागणारी पोच ९८ टक्क्यांवर जाते. लस जितकी यशस्वी, तितकं काम वाढतं. गंमत आहे की नाही?

केळीचा घड
हा हिशोब कोकणातल्या वानर-माकडांना लावून दाखवा. एक कळप बागेतून हाकलेपर्यंत दुसरा आलेला असतो. ९८ टक्के म्हणे!

मोजपट्टी
@केळीचा घड, नाही लागत, आणि तेच सांगायचंय. असाटीगला चारी बाजूंनी पाणी आहे. बाहेरून घोडी येत नाही, सगळ्या नावानिशी माहीत आहेत. उघड्या मुलखात एका टोकाला लस देईपर्यंत दुसऱ्या टोकाने नव्या माद्या शिरतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या मोकळ्या माळांवर हेच झालंय. तिथल्या भूव्यवस्थापन खात्याने ठरवलेली मर्यादा पंचवीस ते सत्तावीस हजारांच्या दरम्यान, घोडे-गाढवं त्याच्या अडीच-तीन पट. ठरावीक छोट्या कळपांत लस चालली, संपूर्ण पश्चिमेत नाही.

इंजेक्शनवाली
माकडांबाबत आणखी एक. डार्ट लागला की माकड तो हाताने उपटून टाकतं, आणि लहान अंगात लागेल तिथे हाड. म्हणजे पिंजऱ्यात पकडणं आलंच. आणि पकडलंच आहे तर शस्त्रक्रिया का नाही? हिमाचल प्रदेशाने २००६-०७ पासून तेच केलं, दीड लाखाच्या वर माकडांची नसबंदी केली. एकदा केली की जन्माची, बूस्टर नाही. जिथे प्राणी हातात येतो तिथे दरवर्षीची लस मागे पडते. लशीचा फायदा जिथे प्राणी हातात न घेता दुरून टोचता येतो तिथे.

उसातला कोल्हा
मग जुन्नरकडच्या बिबट्यांना लस द्यायचं जे चाललंय त्याचं काय? तो तर पिंजऱ्यातच येतो.

डॉ_खूर
मार्जारकुळाचा प्रश्न वेगळा. डुकराच्या आवरणाविरुद्ध बनलेली प्रतिपिंडं मांजरीच्या बीजांडाला नीट चिकटत नाहीत, त्यामुळे पीझेडपी तिथे बाद. राहिली जीएनआरएच. अमेरिकेत १५ मांजरींवर गोनाकॉनचा एकच डोस देऊन पाच वर्षं पाहिलं: पहिल्या वर्षी ९३ टक्के वांझ, दुसऱ्या वर्षी ७३, तिसऱ्या वर्षी ५३, चौथ्या वर्षी ४०, पाचव्या वर्षी २७. बिबट्या म्हणजे मोठी मांजर नव्हे, पण अंदाज यायला हरकत नाही.

प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांना डेस्लोरेलिनची कांडी कातडीखाली ठेवतात. ती लस नाही, संप्रेरकाचं इम्प्लांट आहे. तिची खोड अशी की बंद पाडण्याआधी सुरुवातीला ती उलट माज आणते. पहिले काही आठवडे नर-मादी वेगळे ठेवायचे किंवा आधी तोंडावाटे माज दाबणारं औषध द्यायचं. टोचून त्याच संध्याकाळी उसात सोडलं तर काय होईल ते सांगायला नको.

आणि मुळात वांझ बिबळी शेळी खायची थोडीच थांबते? नुकसान आज थांबवायचं असेल तर हा उपाय नव्हेच.

उसातला कोल्हा
हे एकदा मोठ्या अक्षरात कुणीतरी ग्रामसभेत लावा.

कायद्याचं पान
कायद्याचा मुद्दा राहू नये म्हणून. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम १२ मध्ये "शास्त्रीय व्यवस्थापना"साठी परवानगीची तरतूद आहे, आणि त्याच्या व्याख्येत प्राणी न मारता, विष न घालता, नष्ट न करता संख्येचं व्यवस्थापन करणं स्पष्टपणे येतं. म्हणजे लस या चौकटीत बसते. अनुसूची १ मधल्या प्राण्यांसाठी, म्हणजे हत्ती-बिबट्यांसाठी, केंद्राची पूर्वपरवानगी लागते. परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मिळते, ग्रामपंचायतीच्या ठरावाने नाही. कुणी उत्साहाने लस मागवून स्वतः टोचायला गेलं तर ती शिकारीच्या व्याख्येजवळ जाते.

इंजेक्शनवाली
मागवता येणार पण नाही. अमेरिकेतही गोनाकॉन दुकानात मिळत नाही, सरकारी वन्यजीव यंत्रणेची किंवा त्यांनी अधिकार दिलेली माणसंच वापरतात. टोचणाऱ्याच्या बोटात चुकून गेली तर त्याच्याच प्रजननावर परिणाम होऊ शकतो, गरोदर बाईने तर हाताळायचीही नाही. युरोपात-ऑस्ट्रेलियात वराहपालनात खच्चीकरणाऐवजी जी जीएनआरएच लस देतात, तिच्या सिरिंजलाही सुईवर संरक्षक कवच असतं ते म्हणूनच. फ्रॉइंडचं अ‍ॅड्ज्युव्हंट बोटात गेलं तर सूज भयंकर असते. तासाभरात दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना "तेलकट लस होती" असं सांगायचं.

खवचट पोपट
सगळ्या चर्चेत मादीच. नराला एक डोस देऊन विषय संपवा की.

मोजपट्टी
एक नर अनेक माद्या फळवतो. दहातले नऊ नर बाद केले तरी उरलेला एक सगळ्या कळपाला पुरतो. जंगली घोड्यांमध्ये कळपाच्या म्होरक्याची नसबंदी करून पाहिलंय, बाहेरचे घोडे संधी साधतात. संख्या मोजायची ती माद्यांवरूनच.

केळीचा घड
मग खाण्यातून का देत नाही? आमच्याकडची माकडं तर प्रसादाची पिशवी हातातून ओढून नेतात, टोचायला कशाला जायचं.

इंजेक्शनवाली
लस प्रथिन आहे, पोटात पचून जातं. तोंडावाटे देण्याजोगी करायचे प्रयत्न चालू आहेत, विशेषतः ब्रिटनमध्ये राखाडी खारींसाठी, पण दुसरी अडचण त्याहून मोठी: आमिष खाणार कोण? त्या शेतात गाय, कुत्रं, मोर, कोल्हा सगळे येतात. रानडुकरांसाठी ब्रिटनमध्ये एक साधं यंत्र बनवलं आहे. खांबावर जड धातूचा शंकू सरकवलेला असतो, तो नाकाने वर उचलला तरच खालचं खाणं मिळतं. उचलण्याची ताकद आणि अक्कल डुकराकडेच. भांडं तयार आहे, त्यात घालायचं औषध तयार नाही.

संसर्गाने पसरणारी लसही करून झाली. ऑस्ट्रेलियात उंदरांच्या विषाणूत झोनाच्या प्रथिनाचा जीन घातला, सशांसाठी मिक्सोमा विषाणू घेतला. पिंजऱ्यातले उंदीर वांझ झाले, पण एका उंदराकडून दुसऱ्याकडे विषाणू पुरेसा पसरेना. आणि पसरला असता तर आणखी पंचाईत: ऑस्ट्रेलियात ससा उपद्रवी, स्पेनमध्ये तो मूळचा, हा विषाणू सीमेवर थांबवणार कोण? काम बंद पडलं.

खवचट पोपट
जाता जाता: दादरच्या कबुतरांना?

डॉ_खूर
ती लस नव्हे, पण आहे. निकारबॅझिन, मूळ कोंबड्यांचं औषध. अंड्यातल्या पिवळ्या आणि पांढऱ्यामधला पडदा टिकत नाही, अंडं उबत नाही. बार्सिलोनाने मक्यावर लेप देऊन हेच वापरलं. रोज, ठरलेल्या वेळी खायला लागतं, चार दिवस खंड पडला की अंडी पुन्हा उबतात. आणि शेजारी कुणी ज्वारीची पोती ओतत असेल तर औषधाच्या दाण्याला कबूतर विचारत नाही. पुढे काय ते मुंबईकरांनी ठरवावं. मूळ विषयावर या.

माळरान
येतो. हत्तींचं कुणी लिहिलं नाही. तिथे तर मोकळं रान आहे ना?

मोजपट्टी
नाही, तिथेही कुंपणच. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात १९९० च्या दशकात मारण्याला विरोध वाढला तेव्हा पीझेडपीच्या पहिल्या चाचण्या झाल्या, पण टिकून चाललेला प्रयोग शेजारच्या मकालाली या खाजगी, कुंपण घातलेल्या अभयारण्यातला, २००० पासूनचा. प्रत्येक हत्तीण ओळखीची, हेलिकॉप्टरमधून डार्ट. डार्टमधून रंगही उडतो, म्हणजे हवेतून कळतं कुणाला लागला. हत्तीण बावीस महिने गाभण राहते, त्यामुळे लस सुरू केल्यावर जवळपास दोन वर्षं पिल्लं जन्मत राहतात. तेवढ्यात कंटाळून बंद केलं तर सगळं पाण्यात.

पीझेडपी थांबवली की माद्या पुन्हा फळतात हे खरं, पण सलग पाच-सात वर्षं दिली तर काहींच्या बाबतीत ते परत येत नाही. "पूर्ण उलटवता येणारी" ही जाहिरात तेवढी खरी नाही.

माळरान
मग रोही-डुकरांसाठी निकाल काय?

मोजपट्टी
डुक्कर: चार महिन्यांहून कमी गर्भकाळ, एका वेळी चार-सहा पिल्लं, मादी वर्षाच्या आत तयार. पकडलेल्या रानडुकरिणींवर ब्रिटनमध्ये गोनाकॉनचा एकच डोस चार-सहा वर्षं टिकल्याचं दिसलं, म्हणजे लस चालते. पण प्रत्येकीला सापळ्यात घ्यायचं, आणि दरवर्षी नव्या तयार झालेल्या माद्या शोधायच्या. तालुक्याच्या पातळीवर अशक्य.

रोही: गर्भकाळ आठ महिने, जुळी सर्रास होतात. माद्या सगळ्या एकसारख्या तांबूस-करड्या. ओळखायला ना वेगळा पट्टा, ना वेगळा मोजा. गेल्या वर्षी टोचलेली कुठली हे कळणारच नाही, भूल देऊन कानात बिल्ला घातल्याशिवाय. मोकळ्या माळावर माझ्या मते नाही.

उसातला कोल्हा
म्हणजे शेवटी कुंपणच.

डॉ_खूर
मोकळ्या शेतासाठी हो. पण लस आपल्याकडे वापरायचीच असेल तर जागा आहेत: बंदिस्त मृगोद्याने आणि संग्रहालयांतले चितळांचे कळप. भिंत आहे, बाहेरून मादी येत नाही, चारा रोज एकाच जागी टाकतात म्हणजे अंतराचा प्रश्न नाही, आणि चारा-जागेवर ताण येईपर्यंत चितळं वाढतातच. सगळ्या माद्यांना एकदा कानात क्रमांकाचे बिल्ले, दोन-तीन वयस्क माद्या मुद्दाम सोडून बाकींना डोस, वर्षभराने पाडसं मोजायची.

माळरान
आणि नरांना पण, म्हणजे दुहेरी बंदोबस्त?

डॉ_खूर
नको. जीएनआरएच बंद झाला की शिंगांचं चक्र बिघडतं. अवेळी गळतात किंवा मखमलीतच (वाढत्या शिंगावरच्या मऊ कातडीतच) राहतात, आणि मखमलीतलं शिंग जाळीला घासून सोललं की त्यात अळ्या पडतात. डोस माद्यांनाच द्या.